गर्दी नसलेला धबधबा

जगात बघण्यासारखं जे जे काही आहे, ते सगळं माझ्या बायकोच्या मामांनी बघितलेलं आहे. फक्त ते संपल्यावर, नाहीतर सुरू व्हायच्या आधी. ऐन वेळेला तिथे गर्दी असते, आणि गर्दी हा मामांच्या मते माणसाने आपणहून ओढवून घेतलेला रोग आहे. "गर्दीत माणूस काय बघतोय, सांगा जावईबापू," ते मला विचारतात. "म्होरच्याचं डोस्कं. ते बघाया एवढ्या लांब कशाला जायाचं? न्हाव्याच्या दुकानात बसलं तरी दिसतंय." यावर उत्तर देऊन उपयोग नसतो, कारण शहापूरच्या बोळात पन्नास वर्षं साड्या विणायच्या मागाच्या खडखडाटात काढल्यामुळे समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही, हे मामांनी गृहीतच धरलेलं आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नात, म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. खासबागेत आमच्या घरापुढचा मांडव उतरवत होते आणि मी बनियनवर बसून पोहे खात होतो. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ दारात उभे राहिले; मागे ठेंगण्या, हसऱ्या मामी. मामांनी मला बशीसकट उठवलं, बायकोशेजारी उभं केलं, खिशातून कागदाची पुडी काढली आणि आमच्यावर शिस्तीत अक्षता टाकल्या. "काल पाचशे माणसांच्या अक्षतांत आमच्या चार कुणाला लागल्या असत्या?" ते म्हणाले. "आज बघा, एकबी वाया गेली न्हाय." ते खरंच होतं. दोन पोह्यांत पडल्या होत्या, त्या मी खाल्ल्या.

त्यानंतरच्या वीस वर्षांत मला मामांचं पंचांग पाठ झालं. गणपतीची आरास बघायला ते गणपती यायच्या आदल्या दिवशी जातात. मखरात कोणी नसतं, कार्यकर्ते शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावत असतात, आणि मामा रिकाम्या चौरंगाला हात जोडून पुढच्या मंडळाकडे निघतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला ते यात्रेनंतर आठ दिवसांनी जातात. तेव्हा देवी मोकळी असते असं त्यांचं म्हणणं. "लाखभर माणसांचं गाऱ्हाणं ऐकून दमलेली असती ती. आपण गेलो की म्हणती, या, बसा, तुमचं काय ते निवांत सांगा." निपाणीला मामींच्या माहेरी जायचं असलं की स्टँडवर उभं राहून ते चार बस सोडतात, पाचवी रिकामी दिसली की चढतात, आणि चार बसमधली राहिलेली सगळी माणसं त्यांच्यामागून तिच्यात चढतात. हे दर वेळी होतं, आणि दर वेळी मामांना त्याचं नव्याने आश्चर्य वाटतं.

डॉक्टरकडे ते बरं झाल्यावर जातात. तापाच्या साथीत दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ते घरीच काढा पिऊन पडतात, आणि ताप उतरला की स्वच्छ कपडे घालून तब्येत दाखवायला जातात. "काय होतंय?" डॉक्टर विचारतात. "आता काय बी होत न्हाय," मामा सांगतात, "पण गेल्या मंगळवारी लई होत होतं." भाजी मंडईतून आणायची वेळ दुपारी दोन. त्या वेळी भाजीवालीला बोलायला फुरसत असते, एवढाच त्या वेळेचा गुण. मामींनी एकदा माझ्या बायकोपाशी सगळ्या संसाराचा हिशेब एका वाक्यात मांडला होता: "पंचेचाळीस वर्सं कोमेजलेली मेथी निवडत्ये बघ गं."

पण त्या हे हसत म्हणतात. मामींची तक्रार म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेली होती. सुताच्या दुकानदाराने कधीतरी दिलेलं ते कॅलेंडर. वर्ष कधीच संपलं, तारखांची पानं फाडून त्यात कुंकवाच्या पुड्याही बांधून झाल्या, पण वरचं चित्र राहिलं. चित्रात एक धबधबा होता. पांढराशुभ्र, भरून वाहणारा, खाली तुषारांचं धुकं आणि बाजूला छत्र्या घेतलेली माणसंच माणसं. मामी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसत ती जागा नेमकी त्याच्यासमोर. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात सूत, आणि डोळे त्या पाण्यावर. "असला एक पडताना बघायचाय मला," त्या म्हणत. "छत्री घिऊन. त्या बाया हुब्या हाईत का, तशी."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायला सांगितलं. दिवाळीनंतरचा मुहूर्त ठरला आणि मामींनी हाय खाल्ली. बोळातल्या कुणाचं तरी ऑपरेशन बिघडलं होतं, ती गोष्ट शेजारणींनी त्यांना न चुकता सांगितलेली होती. "पुढं चालता येतंय का न्हाय कुणाला ठावं," त्या मामांना म्हणाल्या. "त्याच्या आधी एकदा धबधबा दावा. दुसरं काय बी मागत न्हाय." मामांनी मान हलवली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते गर्दीचं नाव न काढता उठले आणि चौकशीला लागले.

आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "जावईबापू, उद्या पाटे निघायचं. धबधबा बघाया."

मी शाळेत भूगोल शिकवतो. बारमाही नद्या आणि हंगामी ओढे यांतला फरक मी दर वर्षी सातवीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून समजावून सांगतो. मी म्हटलं, "मामा, मे महिना आहे."

"म्हणून तर. चिटपाखरू नसंल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पलीकडे मामी भाकऱ्या थापत असल्याचा आवाज फोनवर ऐकू येत होता, आणि वरचा डोंगरातला पाऊस अवेळी का होईना पडला असेल, अशी एक खुळी आशा मलाही वाटली. बायकोने तर सरळ छत्री घेतली.

तो धबधबा कुठे आहे ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथे गर्दी व्हायची आणि मामा मला माफ करणार नाहीत. एवढंच सांगतो, की काकती मागे टाकून हायवेने बरंच पुढे गेलं आणि मग आत वळलं की घटप्रभेच्या धरणाचं पाणी लागतं. त्या पाण्यातून होडीने नदीच्या वरच्या अंगाला गेलं की एक ओढा कड्यावरून थेट नदीत उडी घेतो. रस्त्यानेही जाता येतं. पण रस्ता कड्याच्या माथ्यावर संपतो आणि खाली उतरायला दोनशे पायऱ्या आहेत. "रस्त्यानं सगळंच जात्यात," मामा म्हणाले. "होडीनं कोण जात न्हाय." पायऱ्यांचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्या मला पुढे पावसाळ्यात दिसल्या, तेव्हा होडीचंही कारण कळलं.

काठावर मासे धरणारा एक माणूस जाळं सुकत घालत होता. मामांनी त्याला आमचा बेत कानडीत सांगितला. त्याने आधी मामांकडे, मग छत्रीकडे, मग आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ईग नीर इल्लरी. मळिगालदाग बर्रि."

आत्ता पाणी नाही, पावसाळ्यात या. आम्हा चौघांनाही कानडी चांगलं येतं. तरी मामांनी वळून आम्हाला त्याचा तर्जुमा सांगितला: "म्हणतोय, आत्ता गर्दी अजिबात न्हाय."

त्याच्याच होडीत बसून आम्ही निघालो. होडीने तासाभरात पोचतो अशी मामांची माहिती होती. ती ऐन श्रावणातल्या भरल्या पाण्याची होती. मे महिन्यात धरणाचं पाणी इतकं मागे हटलं होतं की एरवी बुडालेल्या शेतांचे बांध, एका देवळाचं जोतं आणि बाभळीचे बुंधे सगळं उघडं पडलं होतं. नदी मधोमध एका अरुंद पट्ट्यात गोळा झालेली. पहिला अर्धा तास झकास गेला. मामा होडीच्या टोकाशी बसून, मागाच्या खडखडाटावर मात करायच्या आवाजात, दोन्ही काठांचं वर्णन करत होते. मात करायला तिथे वल्ह्याच्या चुबुक चुबुक आवाजाखेरीज काहीच नव्हतं, त्यामुळे बगळे आम्ही दिसायच्या आधीच उडून जात. मग होडी गाळात रुतली.

आम्ही उतरलो. होडीवाला पुढून ओढत होता, मी आणि मामा मागून ढकलत होतो, माझी बायको चपला हातात घेऊन काठाकाठाने चालत होती. मामी तेवढ्या होडीत. डोक्यावर पदर, मांडीवर भाकरीचा डबा, हातात मिटलेली छत्री. "मी बी उतरत्ये की," त्या दर दहा पावलांना म्हणत, आणि मामा गुडघाभर चिखलातून ओरडत, "तू हलू नगंस! तुझं वजन हाय म्हणून होडी सरळ चाललीया!" असं तीन वेळा झालं. तासाचे साडेतीन तास झाले. उन्हाने माझं टाळकं तापलं होतं आणि सातवीचा सगळा वर्ग आपल्याकडे बघून हसतो आहे, असं मला दिसायला लागलं होतं.

शेवटी एक वळण घेतलं आणि मामा उभे राहिले. "आला!" ते गर्जले. "बघा! हाय का कोण?"

कोणी नव्हतं. पाणीही नव्हतं. समोर काळाकभिन्न कडा उभा होता, वाळलेल्या शेवाळाचे तपकिरी पट्टे त्याच्यावरून खाली आलेले. जिथे पाणी पडून डोह होतो तिथे तडकलेला चिखल, त्यात एक प्लास्टिकची बाटली आणि कुणाचीतरी एका पायाची चप्पल. कड्याच्या एका फटीतून ओल झिरपत होती, तिथे मधमाश्या बसल्या होत्या. मामा मात्र त्या कड्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे होते, जणू तो त्यांनीच बांधून घेतला होता. "पावसाळ्यात हा खडक दिसतोय का? न्हाय दिसत. पाणी आडवं येतंय."

मामींना आम्ही हाताला धरून उतरवलं. त्या एका दगडावर बसल्या, मान वर करून बराच वेळ कड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगला हाय. कुठनं पडतोय ते तरी कळलं." आणि डबा उघडायला लागल्या. डब्याचं झाकण त्यांना उघडेना, कारण डोळ्यांत पाणी आलेलं होतं.

माझी बायको शांत स्वभावाची आहे, पण ती भडकली. "मामा, मामींनी एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मागितली तुमच्याकडं. पडताना बघायचा म्हटल्या त्या. हे काय दाखवलंत? पुढं त्यांना येता न्हाय आलं तर?" मामांनी चिखलातली ती बाटली उचलली आणि कड्याच्या कडेने चालत दिसेनासे झाले. मलाही त्यांचा राग आला होता. गंमत म्हणून आपण वीस वर्षं जे सांगत फिरलो, त्याची किंमत कुणीतरी भरतं आहे, हे मला त्या दगडावर बसून पहिल्यांदा कळलं.

"त्यांस्नी बोलू नगंस गं," मामी डोळे पुसून म्हणाल्या. "त्यांची चूक न्हाय. मी हरवलते."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. लग्न होऊन पाच दिवस झाले होते. नवं जोडपं देवीच्या पायांवर घालायचं म्हणून ऐन यात्रेत दोघं सौंदत्तीला गेली, आणि त्या गर्दीत हात सुटला. मामा सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत डोंगरभर हाका मारत हिंडले. "सुलोचना! ए सुलोचना!"

"आणि तुम्ही?"

"मी चुरमुऱ्याच्या दुकानापाशी बसलते. हाक ऐकू येत हुती की. दोनदा तर जवळनं गेली. पर माहेरी मी मालू. सुलोचना हे नाव लग्नात ह्यांनीच ठिवल्यालं, पाच दिसांचं. माझ्या ध्यानातच न्हाय. मला वाटलं, कोण बिचारी सुलोचना हरवलीय, आणि तिचा नवरा किती कळवळून हाका मारतोय." त्या हसल्या. "मी देवीला हात बी जोडले, तिची गाठ पडू दे म्हणून."

आम्हीही हसलो, हसू आवरेचना. होडीवाला पलीकडे आपली भाकरी खाता खाता आमच्याकडे बघायला लागला.

"मी गावले तवा ह्यांनी माझं मनगट धरलं," मामी म्हणाल्या. "असं धरलं हुतं, चार दीस वळ हुता. तवापास्नं ह्यांस्नी गर्दी नगं. लोकांस्नी वाटतंय येडं हाईत. मी बी कुणाला सांगितलं न्हाय. काय सांगायचं, स्वतःचं नाव ठावं नव्हतं म्हणून?"

मामा परत आले ते अर्ध्या तासाने. टोपी भिजलेली, हातात ती बाटली. त्यांनी ती धुऊन, कड्याआडच्या तशाच एका झिरपणाऱ्या फटीखाली धरून ठेवली होती. मधमाशी हाताला चावली होती. बाटली निम्मीही भरलेली नव्हती. "घे," ते मामींना म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला मुद्दाम कान देऊन ऐकावा लागला. "धबधब्याचंच हाय." मामींनी एक घोट घेतला, उरलेलं डोळ्यांना लावलं. छत्री उघडून त्या दगडावर दोघं शेजारी बसली आणि भाकरी खाऊन होईपर्यंत कोरड्या कड्याकडे बघत राहिली. येताना नदीच्या उताराने होडी कमी रुतली.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मामांचा फोन आला. "जावईबापू, उद्या मोकळं हायसा का?"

"उद्या? मामा, उद्या रविवार. रविवारी तिथं गर्दी असेल."

"असू दे," मामा म्हणाले.

नदीला पूर होता, होड्या बंद. कड्याच्या माथ्यावर गाड्यांची रांग लागली होती, कणसं भाजणाऱ्यांचा धूर, पोरांचे आरडाओरडे, आणि खालून येणारा तो घुमणारा आवाज. मामा पहिल्या पायरीपाशी थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मामींच्या पदराचं टोक उजव्या मुठीत घेतलं. पदर त्यांनीच विणलेला. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी मामींना विचारलं, "हात सुटला आणि हाक मारली, तर कुठल्या नावाला ओ देशील?"

"दोन्ही," मामी म्हणाल्या.

दोनशे पायऱ्या उतरायला आम्हाला एक तास लागला. दर दहा पायऱ्यांना मामी बसत, मागची गर्दी थांबे, कुणीतरी कुरकुरे, आणि मामा त्याच्यावर मागाच्या आवाजात ओरडत. खाली पोचलो तेव्हा धबधबा कॅलेंडरमधल्यासारखाच होता. पांढराशुभ्र, भरून वाहणारा. मामींनी छत्री उघडली आणि छत्र्या घेतलेल्या त्या सगळ्या बायांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तुषारांनी चिंब भिजल्या, तोंड उघडं ठेवून वर बघत राहिल्या. त्या वेळी त्या बासष्ट वर्षांच्या आहेत असं कुणी म्हटलं नसतं.

मी मामांकडे पाहिलं. धबधब्याकडे पाठ करून ते उभे होते. मूठ पदरावर, डोळे मामींवर. पाऊण तासात त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "कसा वाटला मामा, धबधबा?"

"चांगला असंल," मामा म्हणाले. "मी कुठं बघितला."

मामींचं ऑपरेशन दिवाळीनंतर नीट पार पडलं. आता त्या काठी घेऊन बोळाच्या टोकापर्यंत जाऊन येतात, आणि बिघडलेल्या ऑपरेशनची गोष्ट सांगणाऱ्या शेजारणींना आपली सांगतात. कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. आम्हाला वाटलं होतं, आता दर वर्षी श्रावणात जायचं. पण परवा मामींनीच माझ्या बायकोला फोन केला.

"औंदा मे म्हैन्यातच जाऊ या गं. होडीनं."

"मामी, पाणी नसतंय की तेव्हा."

"नसू दे. पावसाळ्यात लई ग्वाड दिसला, न्हाय म्हणत न्हाय. पर त्यो मी एकटीनं बघितला." फोनवर मागांचा खडखडाट ऐकू येत होता. "उन्हाळ्यात आम्ही दोघांनी बघितलता."

तेव्हा आम्ही सोमवारी निघतो आहोत. रविवारी म्हणे गर्दी असते. होडीवाल्याला निरोप गेला आहे. एक रिकामी बाटली आठवणीने घ्या, असं मामींनी बजावून सांगितलं आहे.